मशीन लावलं की फ्रिज चावतो

आईचं हे वाक्य मी दोन वर्षं हसण्यावारी नेलं. वाईचं आमचं घर १९५८ सालचं. लाकडी पट्ट्यांवरून गेलेलं वायरिंग, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, आणि त्यावर गेल्या वीस वर्षांत ज्याला जसं सुचलं तसे चढवलेले बोर्ड. फ्रिज उघडायचा तर आई पायात चप्पल घालायची आणि हातावर पदर घ्यायची. फ्रिजवाला दोनदा येऊन 'काकू, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे' म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.

दिवाळीत मल्टिमीटर घेऊन बसलो. एक टोक फ्रिजच्या बिजागरीच्या स्क्रूवर, दुसरं लांब वायरीने परसातल्या ओल्या मातीत ठोकलेल्या सळईला. वॉशिंग मशीनची पिन काढलेली असताना २२ व्होल्ट. पिन लावून बोर्डाचं बटण दाबलं, मशीन अजून सुरूही केलं नव्हतं, तर १०४!

फ्रिज आणि मशीनच्या प्लगमधली अर्थिंगची वायर एकमेकींना जोडलेली होती, पण पुढे जमिनीत कुठेच जात नव्हती. मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यातले कपॅसिटर थोडासा करंट बॉडीकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. इथे वाट नव्हती, म्हणून तो फ्रिजच्या दारात येऊन आईची वाट बघत बसायचा. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. आईचं निदान शब्दशः बरोबर होतं.

गावातल्या वायरमनदादांकडून परसात खड्डा घेतला. आठ फुटी जीआय पाइप, कोळसा, मीठ. तिथून हिरवी वायर फ्रिजला, मशीनला, वर न्हाणीतल्या गिझरला. किटकॅट काढून एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारे स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. फेजने आत आलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत गेला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की हा पडतो आणि वीज तोडतो. फ्रिजवर शून्य. आम्ही चहा घेतला.

संध्याकाळी सात वाजता आरसीसीबी पडला. उचलला, पडला. सगळे एमसीबी खाली केले, तरी पडला! दादा म्हणाले, "पीसच खराब आहे साहेब." दुसरा आणला, तोही तसाच. "आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देऊ का? जुन्या घरांना हे झेपत नाही." खरं सांगतो, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

अडकलो होतो ते एका साध्या गोष्टीवर. आमचे एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या खोल्यांचे एकाच पट्टीवर जोडलेलेच राहतात. न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला असेल तर एमसीबी पाडून काहीच कळत नाही. संध्याकाळी गल्लीतला लोड वाढला की न्यूट्रलवर दोन-चार व्होल्ट चढतात, थोडा करंट तिथून अर्थिंगमध्ये निसटतो, आणि आरसीसीबी पडायला तेवढा पुरतो. दुपारी तो टिकला होता तो बहुधा म्हणूनच.

मग मेन बंद करून एकेक न्यूट्रल सोडवायचा, मेन चालू करून बघायचं, पुन्हा बंद. चौथी काळी वायर सोडली आणि आरसीसीबी उभा राहिला. ती गिझरची होती. पंधरा अँपिअरचा तो जुना सॉकेट उघडला, तर आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेमध्ये वायरचा दीड इंचाचा तुकडा पिळून बसवलेला. अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रललाच अर्थ म्हणू, असा कुणाचा तरी जुगाड.

दादा तो तुकडा हातात घेऊन गप्पच झाले. जुन्या मेनला दोन किटकॅट होते, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला असता तर फेज गिझरच्या कॉइलमधून फिरून थेट टाकीच्या बॉडीवर. त्या केसाएवढ्या फ्यूज-तारेच्या भरवशावर आम्ही सगळे अंघोळी करत होतो.

तुकडा काढला, न्यूट्रल परत जोडला. आरसीसीबी त्यानंतर पडलेला नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून मीच पाडतो. आईने चप्पल सोडली आहे. पदर अजून नाही.