तुम्ही विचारलंत म्हणून : संगणकावर सगळे दिसते, मग चाचणी कशासाठी?

इम्पेलरच्या, म्हणजे कंप्रेसरमधल्या फिरत्या चाकाच्या, दोन पात्यांमधला हवेचा प्रवाह पडद्यावर रंगांत उलगडून दिसत असताना यंत्र प्रत्यक्ष फिरवून मोजण्यात इतके दिवस आणि इतकी वीज का घालवता, हा प्रश्न मला खर्चाच्या बैठकीत विचारला जातो, नव्याने रुजू झालेले अभियंते विचारतात आणि अलीकडे तर घरच्या जेवणातही तो येतो. सेंट्रिफ्युगल कंप्रेसरच्या, म्हणजे हवा गरगर फिरवून बाहेर फेकत तिचा दाब वाढवणाऱ्या यंत्रांच्या, चाचण्या घेण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे या प्रश्नाने मी दुखावतो, हे आधीच मान्य करतो.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. सिम्युलेशन म्हणजे अंदाज, मोजमाप म्हणजे वस्तुस्थिती, एवढे सांगून मी विषय संपवत असे. त्याला आधारही होता. १९७०च्या दशकात जर्मनीत एकार्ट या संशोधकांनी ४०० मिलिमीटर व्यासाच्या, मिनिटाला १४,००० फेरे घेणाऱ्या इम्पेलरच्या आत लेझरने वेग मोजले, तेव्हा बाहेर पडणारा प्रवाह किती विस्कटलेला असतो आणि मंद हवेचा पट्टा आवरणाच्या बाजूला कसा साचतो, हे आकड्यांत दिसले. नासाने तर क्लीव्हलँडला १.५२४ मीटर व्यासाचा, मिनिटाला केवळ १,८६२ फेरे घेणारा कंप्रेसर बांधला. एवढे मोठे आणि संथ यंत्र कोणत्याही कारखान्याला नको होते. पात्यांमधल्या वाटेत मोजमापाला जागा मिळावी आणि गणिताला ताडून पाहण्याजोगे काही हाती यावे, यासाठीच ते होते. आज ज्या सिम्युलेशनवर आपण विसंबतो, ते अशा मोजमापांशी झगडत मोठे झाले आहे. हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन.

मात्र एक गोष्ट मी या उत्तरात कधी सांगितली नाही.

काही वर्षांपूर्वी १.५ दाबगुणोत्तराच्या, म्हणजे हवेचा दाब दीडपट करणाऱ्या, एका कंप्रेसरची चाचणी मी घेतली. थंडीचे दिवस होते, अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, आणि ओतीव लोखंडाचे जाड केसिंग, म्हणजे यंत्राचे बाहेरचे कवच, पहाटेच्या गारठ्यातून अजून बाहेर आलेले नव्हते. हवा जिथून बाहेर पडते त्या व्होल्यूटपासून तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलपर्यंतच्या पाइपावर इन्सुलेशन नव्हते. दांड्याला लागणारा पीळ मोजणारा टॉर्कमीटर कॅलिब्रेशनला गेला होता, म्हणजे शक्तीचा हिशेब दुसऱ्या वाटेने पडताळण्याची सोयही नव्हती. प्रत्येक बिंदूवर तासभर थांबायला हवे होते; मी दहा-दहा मिनिटांत नोंदी घेतल्या. हवेचे तापमान ४७ अंशांनी वाढल्याचे दिसले आणि त्यावरून कार्यक्षमता ७८ टक्के निघाली; तेवढ्याच दाबासाठी हवा जितकी कमी तापते, तितकी कार्यक्षमता जास्त निघते. सिम्युलेशन ७५ सांगत होते.

ते सिम्युलेशन करणारी माझी तरुण सहकारी माझ्याकडे आली आणि तिने एवढेच विचारले, “सर, तापमान स्थिरावलं होतं ना?” मी म्हणालो, “आकडा यंत्राने दिलाय. तुमचं मॉडेल तपासा.”

तिने ते तपासले. सहा आठवडे तिने टर्ब्युलन्सचे, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीचे, मॉडेल बदलून पाहिले, गणितासाठी प्रवाहावर टाकलेली जाळी बारीक केली, आणि शेवटी पात्याच्या टोकाशी असलेली फट रेखाचित्रापेक्षा कमी धरली, तेव्हा कुठे ७८ आले. मी समाधानाने सही केली. त्याच मॉडेलवर पुढचा इम्पेलर आखला गेला, बनला, आणि चाचणीत कबूल केलेल्या कार्यक्षमतेपेक्षा तीन टक्क्यांनी कमी भरला. मग जुना इम्पेलर पुन्हा चढवला, पाइपाला ग्लासवूल गुंडाळले, केसिंगचे तापमान हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. वाढ ४९ अंश होती. कार्यक्षमता ७५ टक्के. अवघे दोन अंश थंड लोखंडाने आणि उघड्या पाइपाने खाल्ले होते, आणि त्या दोन अंशांखातर मी बरोबर असलेले गणित चुकीचे करून घेतले होते. ती काही बोलली नाही. तिच्या वहीत तो प्रश्न तारखेसह लिहिलेला होता, हे मला नंतर कळले.

मग चाचणी कशासाठी, असे तुम्ही आता अधिकच जोराने विचाराल. चूक सापडली तीही चाचणीतच, हे उत्तर मला सुचते. पण चूक केली होती तीही चाचणीनेच, त्यामुळे ते उत्तर मला पुरत नाही. त्या वेळचा मी असता तर म्हणाला असता की घाई चुकली, पद्धत नव्हे. हे खरे असेलही, परंतु घाई नसलेली चाचणी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. आज मी अहवालात प्रत्येक आकड्यासोबत तो किती अनिश्चित आहे हे लिहितो, केसिंगच्या तापमानाचा आलेख जोडतो, टॉर्कवरून काढलेली कार्यक्षमता शेजारी ठेवतो, आणि हे दोन हिशेब जुळले नाहीत तर सिम्युलेशनवाल्यांना आकडाच देत नाही.

एवढे करूनही गेल्या महिन्यातल्या इम्पेलरमध्ये चाचणी आणि सिम्युलेशन यांत एक टक्क्याचा फरक उरला आहे. फिरताना पात्याच्या टोकाशी किती फट राहते, हे आम्ही मोजलेले नाही. थांबलेल्या यंत्रात मोजलेली फटच मी आणि माझी ती सहकारी, दोघेही धरून चाललो आहोत. ती म्हणते, फरक तिथे आहे. मला अजून तापमानाच्याच नोंदींवर संशय आहे. सोमवारी फट मोजणारे सेन्सर बसवायचे आहेत.