कोलंबसमध्ये 'एम' खोडलेला असतो

कोलंबस, ओहायो. शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४, रात्र.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात या आठवड्यात इंग्रजी 'एम' हे अक्षर धड दिसत नाही. इमारतींची नावं, दिशादर्शक फलक, मेडिकल सेंटरची पाटी, जिथे मोठा 'एम' आहे तिथे लाल चिकटपट्टीची फुली. मिशिगन विद्यापीठाविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामना आला की दरवर्षी हे होतं. यंदाचा उद्या आहे. आज संध्याकाळी एका पाटीपाशी दोन विद्यार्थिनी सुटलेली पट्टी परत लावत होत्या. थंडगार धातूवर पट्टीचा डिंक धरत नाही, कडा उचलली जाते. एकीने हातमोजा काढला, पट्टीवर तोंडाची वाफ सोडली आणि अंगठ्याने एक टोक दाबून धरलं. दुसरीने दुसरं टोक दाबलं. फुली सरळ बसली की नाही ते दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा जवळ येऊन एक कोपरा दाबला. पारा शून्याला टेकलेला, बोटं लाल झालेली, आणि काम एका अक्षरावर फुली मारायचं.

मी मिशिगनच्या बाजूचा माणूस. तरी तिथून पाय निघेना.

इथले लोक मिशिगन हा शब्दही टाळतात. 'वरच्या अंगाची ती टीम' म्हणतात. आपल्याकडे खेड्यात रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, तसंच. नाव घेतलं की येतो. हा नुसता द्वेष नव्हे. ज्याची धास्ती असते त्याचंच नाव टाळतात. आणि यंदा धास्ती वाटावी असं मिशिगनकडे कागदावर काहीच नाही. आमचे सहा विजय, पाच पराभव, क्रमवारीत नावसुद्धा नाही. ओहायो स्टेट दहा विजय, एक पराभव, देशात दुसरा नंबर. सट्टेवाले वीसेक गुणांचा फरक धरून चाललेत. तरी फुल्या तितक्याच काळजीने मारल्या जातायत.

मिशिगन विद्यापीठाचं गाव ॲन आर्बर. तिथून सामन्याला कोलंबसला यायचं तर साधारण तीनशे किलोमीटर, तीन तास. यूएस-२३ धरून दक्षिणेला, टोलीडोपाशी आय-७५, फिंडलीपासून स्टेट रूट १५ ने कॅरी, मग पुन्हा यूएस-२३. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची सपाट रानं, बघण्यासारखं दुसरं काही नाही. खरा वेळ खातं ते डेलावेअर गावापासून पुढचं अंतर. तिथे हमरस्त्यावरच सिग्नल लागतात, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी खरेदीची गर्दी असते. आय-२७० आला की सरळ न जाता पश्चिमेला वळून ३१५ पकडावा. यूएस-२३ तसाच धरला तर तो हाय स्ट्रीट होऊन शहराच्या पोटातून नेतो. मात्र सामन्याच्या सकाळी ३१५ वरून लेन अव्हेन्यूला उतरणारी रांग भयंकर असते, म्हणून शनिवारी आठच्या आत गाडी लावून मोकळं व्हायचं. स्टेडियमलगतच्या बहुतेक जागा परवानेवाल्यांच्या. बाहेरच्याने दूर लावून अर्धा तास चालावं. सामना सुटल्यावर तीच गाडी आधी बाहेर पडते.

हॉटेलांचा मात्र मला मनापासून राग आहे. या एका शनिवारसाठी दोन रात्रींची सक्ती, एरवीच्या कितीतरी पट भाडं, आणि वर सकाळचा नाश्ता म्हणजे गार वॉफल. पाहुण्याला नाडायचं ठरवलं तर आणखी काय करतात? उत्तरेच्या उपनगरात राहावं, खोली जूनमध्येच ठरवावी.

टोलीडोवरून आठवलं. या दोन राज्यांचं भांडण फुटबॉलच्या आधीचं आहे. १८३५ मध्ये टोलीडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे शिपाई समोरासमोर आले होते. पट्टा ओहायोला मिळाला, बदल्यात मिशिगनला वरचा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, ॲन आर्बरला, मिशिगन ३४-०. १९१८ पासून दरवर्षी, फक्त २०२० मध्ये कोविडमुळे खंड. ज्याने कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना बघितलाय, त्याला पेठेचं नाव पणाला लागणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इथे अख्खं राज्य पेठेसारखं वागतं.

आता उद्याचं. अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. चेंडू हवेतून फेकून न्या किंवा हातात धरून पळवत न्या. लोकांचं लक्ष फेकणाऱ्यावर आणि झेलणाऱ्यावर असतं. या सामन्याचा निकाल मात्र मधल्या धिप्पाड गड्यांच्या रेटारेटीत लागतो. गेल्या तीन वर्षांत मिशिगनने ४२-२७, ४५-२३, ३०-२४ असे तिन्ही सामने घेतले, आणि तिन्ही वेळा पळून काढलेले यार्ड मिशिगनचेच जास्त होते. २०२१ मध्ये हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, पळून केले. २०२२ मध्ये याच मैदानावर डॉनोव्हन एडवर्ड्सने ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावांत सामना संपवला.

यंदा मिशिगनला चेंडू फेकताच येत नाही. सप्टेंबरात यूएससी या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला २७-२४ ने हरवलं त्या सामन्यात फेकून मिळालेले एकूण यार्ड ३२. बत्तीस! तरी जिंकलो, कारण केलेल मलिंग्जने पळून १५९ काढले आणि शेवटच्या मिनिटात चौथ्या प्रयत्नाला एक यार्डावरून चेंडू आत नेला. उद्याची आशा तिथेच आहे.

दुसरी आशा ओहायो स्टेटच्या मधल्या फळीत. त्यांचा डावा टॅकल, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाचा गडी, जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगनविरुद्ध जायबंदी झाला. त्याच्या जागी डॉनोव्हन जॅक्सन या गार्डला, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूच्या गड्याला, सरकवावं लागलं. मग याच महिन्यात सेंटर सेथ मॅकलॉफलिनच्या टाचेची शीर गेली. सेंटर म्हणजे चेंडू मागे देणारा आणि समोरचा बचाव बघून बाकी चौघांना कुणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगणारा. तो बदलला की पाचही जणांचा ताल अर्ध्या क्षणाने चुकतो. आणि त्यांच्या नेमकं समोर उभे राहणार मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, मिशिगनचे सगळ्यात भरवशाचे दोन गडी. गेल्या शनिवारी ओहायो स्टेटने इंडियानाला ३८-१५ ने लोळवलं, त्यामुळे फळी सावरली असं सगळे म्हणतायत. पण इंडियानाकडे ग्रॅहम आणि ग्रँट नव्हते.

धोका कुठे आहे तेही सांगतो. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका हे झेलणारे आपल्या कुणालाही आवरणार नाहीत, आणि त्यांना रोखणारा विल जॉन्सन दुखापतीमुळे बाहेर आहे. ओहायो स्टेटने पहिल्या मिनिटापासून कडेकडेने फेकाफेकी केली तर आपण पंचवीस गुणांनी हरू. पण मधून रेटून 'आम्हीही दांडगे आहोत' हे सिद्ध करायचा मोह त्यांना झाला, तर सामना आपल्या वाटेने येईल. तीन वर्षं 'मऊ' म्हणून हिणवलं गेलेल्यांना तो मोह होतोच. माझी सगळी मदार त्या मोहावर आहे.

त्यांच्या पोरांचं दुःखही मला कळतं. मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला सोन्याच्या पँटच्या आकाराचं, नखाएवढं पदक मिळतं. ही प्रथा १९३४ पासूनची. जॅक सॉयर, जे टी टुइमोलोआऊ, एग्बुका, ट्रेव्हियॉन हेंडरसन, ही २०२१ ला आलेली मंडळी. यांच्याकडे ते पदक नाही. व्यावसायिक लीगमध्ये जायचं सोडून हे चौथ्या वर्षासाठी थांबले, त्यामागे हेही एक कारण आहे. यंदापासून बारा संघांची प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, आली, हरलो तरी पुढे जाता येतं, म्हणून या सामन्याचं वजन कमी झालं असं टीव्हीवर सांगतात. त्यांनी इथे येऊन त्या दोन मुलींची बोटं बघावीत.

उद्याचा सामना बाराला. ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, उघडं तोंड दक्षिणेला, माणसं एक लाखाच्या वर. तिकीट घेताना पूर्वेचा स्टँड बघावा. दुपार कलली की पश्चिमेकडचे आपल्याच स्टँडच्या सावलीत जातात आणि शेवटच्या पावणे तासात गारठतात. थंडी बाकापेक्षा खालच्या काँक्रीटमधून येते. त्यामुळे तळव्यांखाली खोक्याचा जाड पुठ्ठा दुहेरी घालून उभं राहायचं. लोकरीचे मोजे एकच जोड, बूट अर्धा नंबर मोठा. दोन जोड कोंबले की रक्त अडतं आणि बोटं जास्त बधिर होतात. हात गरम ठेवायच्या पुड्या वीस मिनिटं आधी उघडून हवेत ठेवायच्या. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते तेव्हाच उष्णता सुटते. बंद मुठीत ती पुडी गारच राहते. तिकीट फोनवर असतं. लाखभर माणसं एकदम फोन काढतात तेव्हा दारापाशी नेटवर्क बसतं, म्हणून ते रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्यायचं, आणि फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेरच्या खिशात गार पडून बॅटरी झपाट्याने उतरते. पिशवी पारदर्शकच हवी.

पाहुणचाराबद्दल. शुक्रवारी संध्याकाळी मिशिगनची पिवळी टोपी बघून लोक हसून बोलतात, शेंगदाण्याच्या लोण्याचे चॉकलेटात बुडवलेले 'बकाय' पुढे करतात. वर एक गोल उघडा सोडलेला, ओहायोतल्या त्याच नावाच्या झाडाच्या बियांसारखा. एक घ्यावाच. आपल्याकडून दिवाळीच्या चिवड्याचा उरलेला डबा पुढे करावा, तोही पाच मिनिटांत रिकामा होतो. शनिवारी दहानंतर लेन अव्हेन्यूवर मात्र दारू बोलते. मिशिगनने समोरच्या संघांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणावरून आणि आमचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्या गेल्या वर्षीच्या निलंबनावरून शिव्या ऐकाव्या लागतील. उत्तर द्यायचं नाही, थांबायचं नाही, लहान मुलं बरोबर असतील तर तो रस्ताच टाळायचा. टोपी मात्र काढायची नाही.

सेंट जॉन अरेनामध्ये त्यांच्या बँडची तालीम सामन्याच्या साधारण दोन तास आधी असते. नुसती पितळी वाद्यं आणि ड्रम, छातीत धडधडतं. मैदानावर तोच बँड चालत चालत 'ओहायो' हे अक्षरं जोडून लिहितो आणि सूझाफोनवाला, म्हणजे अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य वाजवणारा, उड्या घेत जाऊन 'आय'वरचा ठिपका होतो. शत्रूचं असलं तरी ते उभं राहून बघण्यासारखं आहे.

माझा अंदाज: मिशिगन १६, ओहायो स्टेट १३. प्रत्येकी टचडाऊन एकच, बाकी फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारलेले. पुठ्ठे गाडीत टाकलेत, गजर साडेपाचचा.