करणी छेदात नको

शाळेच्या आठवणी लिहायच्या तर स्नेहसंमेलनं, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मी नववीच्या बीजगणितातल्या एकाच गोष्टीवर लिहितो: छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे अपूर्णांकाच्या छेदातली करणी (√२ सारखं, पूर्ण न सुटणारं मूळ) घालवणं.

करणी छेदात नको, असं आमच्या बाई सांगत आणि लगेच हातानं भागाकार करायला लावत. १/√२ म्हणजे १ भागिले १.४१४२, करून बघा कागदावर. तेच √२/२ असं लिहिलं की १.४१४२ चं निम्मं, ०.७०७१, तोंडी येतं.

गुणण्याआधी करणीला साधं रूप द्यावं. ५/√१२ ला √१२ नं गुणूनही उत्तर मिळतं, पण √१२ = २√३ लिहिलं तर नुसत्या √३ नं काम भागतं: ५√३/६.

छेदात दोन पदं असली की अनुबद्ध जोडी शोधायची, म्हणजे तीच दोन पदं, मधलं चिन्ह उलट. ४/(√७ − √३) ला वर-खाली (√७ + √३) नं गुणलं की छेद ७ − ३ = ४; चार चाराला गेले, उरलं √७ + √३. चिन्ह न बदलता गुणलं तर छेद १० − २√२१, म्हणजे करणी जागच्या जागी. गुण हमखास जातात ते ऋण चिन्हावर: २/(३ − √११) मध्ये छेद ९ − ११ = −२, म्हणून उत्तर −(३ + √११).

खरी गंमत तीन पदांत. १/(१ + √२ + √३) मध्ये (१ + √२) चा गट करून (१ + √२ − √३) नं गुणा. छेद ३ + २√२ − ३, म्हणजे फक्त २√२. पुन्हा √२ नं गुणलं की (२ + √२ − √६)/४. गट (√२ + √३) असा केला तर छेदात ४ + २√६ उरतं आणि काम वाढतं. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त हीच रीत आहे: छेदातल्या हव्या त्या करणीचं चिन्ह उलटवा, दोन्हीकडे गुणा, एकच पद उरेपर्यंत.

आता कॅल्क्युलेटर आहे, मग हे कशाला? √१०००००१ − १००० करून बघा. पुढचे अंक नुसते छाटणाऱ्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १०००.०००४ वजा १०००, म्हणजे ०.०००४ येतं. इथे उलट अंशाचं परिमेयीकरण करायचं: १/(√१०००००१ + १०००), म्हणजे जवळपास १/२०००, ०.०००५. पहिलं उत्तर वीस टक्क्यांनी चुकलेलं होतं.