अँबॅसडरच्या चाकाचे नट आणि रंगाचा एक पातळ थर

आमच्या घरी १९८३ सालची पांढरी अँबॅसडर आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिची पाचही चाके, म्हणजे स्टेपनीसकट, मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून जाड रंगाचा थर देऊन आणली. गंगापूर रोडच्या घरासमोर ती स्वतःच्या हाताने बसवली, नट पूर्ण ताकदीने आवळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसाऱ्याच्या दिशेने निघालो. वाडीवऱ्हे गाठण्यापूर्वीच मागच्या डाव्या चाकातून 'टक टक' असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की तो वाढत असे आणि गाडी थांबली की थांबत असे. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन चाकाची टोपी काढली, तेव्हा आदल्या संध्याकाळी घाम निघेपर्यंत आवळलेले नट बोटांनी फिरत होते.

ते तिथल्या तिथे पुन्हा आवळून सावकाश परत आलो आणि आमच्या घरची गाडी तीस वर्षांपासून पाहणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी चाक उतरवले, भोकाच्या निमुळत्या कडेवरून नख फिरवले आणि रंगाचा चुरा माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "साहेब, तुम्ही लोखंड आवळलं नाही, रंग आवळला." नटाचा उतरता भाग ज्या जागी बसतो तिथे आणि चाक ब्रेकच्या ड्रमला ज्या पृष्ठभागावर टेकते तिथेही मी हौसेने रंग चढू दिला होता. चालत्या गाडीच्या भाराखाली आणि उष्णतेत तो थर दबला, चुरडला आणि त्याच्या जाडीइतकी ढिलाई नटांच्या वाट्याला आली.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी नट नेमके काय काम करतो हे पाहावे लागते. गाडीचे वजन स्टडवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्यावर, टांगलेले असते असा पुष्कळांचा समज आहे, परंतु खरे काम चाक आणि ड्रम यांच्यातील घर्षण करते. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला ड्रमवर दाबून धरतो. स्टड पोलादी असल्याने हे ताणणे अत्यंत अल्प असते, म्हणूनच मध्ये रंगाचा, गंजाचा किंवा मातीचा पातळ थर राहून तो नंतर दबला, तर ताणाचा मोठा भाग नाहीसा होतो. शिवाय पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे निम्मा नटाच्या बैठकीवरील घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतो, तर स्टड ताणण्यासाठी जेमतेम दहा टक्के उरतो. त्यामुळे आट्यांना ऑईल किंवा ग्रीस लावण्याची आपल्याकडची सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. नट किती जोराने आवळायचा याचा उत्पादकाचा आकडा बहुधा स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. घर्षण कमी झाले की त्याच आकड्याला स्टड बराच जास्त ताणला जातो. मी आता आटे तारेच्या ब्रशने घासतो, कोरड्या फडक्याने पुसतो आणि तिथेच थांबतो.

पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. साठ किलोचा माणूस चाळीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर २४ किलोग्राम-मीटर, म्हणजे सुमारे २३५ न्यूटन-मीटर इतका फिरवण्याचा जोर लागतो. समजा गाडीच्या पुस्तकात हाच जोर ६० फूट-पाउंड लिहिला असेल, तर ते केवळ ८१ न्यूटन-मीटर होतात. चाळीस वर्षांच्या स्टडवर जवळजवळ तिप्पट भार देणे म्हणजे तो मर्यादेपलीकडे ओढणे. असा स्टड पूर्वस्थितीला येत नाही, त्याचे आटे एका जागी बारीक दिसू लागतात आणि पुढे तो आवळला तरी धरत नाही. नट फिरतो आहे पण जोर वाढत नाही असे हाताला जाणवले, की थांबून स्टड बदलावा.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोहोचताच 'टक' करणारा पाना, असेल तर उत्तमच. मात्र तो मुठीच्या मध्यभागी धरून संथपणे ओढावा, एक 'टक' झाली की सोडावा, त्याने नट ढिले करू नयेत आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा. तो नसेल तर मी साध्या पान्यावर सामान तोलण्याचा टांगता काटा वापरला आहे. नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर काटा अडकवून पान्याशी काटकोनात २७-२८ किलो ओढले, की साधारण ६० फूट-पाउंड होतात. मिस्त्रीकाकांना हा उद्योग हास्यास्पद वाटतो, पण त्यांचा हात चाळीस वर्षे तयार झालेला आहे आणि माझा नाही.

क्रम नेहमीचाच: सपाट जागा, हँडब्रेक, समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड, आणि गाडी उचलण्यापूर्वीच नट थोडे ढिले. बसवताना सर्व नट, निमुळती बाजू आत ठेवून, आधी बोटांनी पुरते फिरवावेत. पहिल्याच फेऱ्याला अडला तर आटे वाकडे बसले आहेत असे समजून मागे घ्यावा. मग एकाआड एक, समोरासमोरचे नट घेत, चाक हवेत असतानाच हलके टेकवावेत आणि टायर जमिनीला लागल्यावर दोन-तीन टप्प्यांत पूर्ण आकड्यापर्यंत न्यावेत. एकच नट आधी पूर्ण आवळला तर चाक तिरपे बसते आणि बाकीचे नट त्या तिरपेपणालाच घट्ट धरून ठेवतात.

एक इशारा अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्यांसाठी. डॉज, प्लिमथ अशा क्रायस्लर घराण्याच्या जुन्या गाड्या एकेकाळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही जोडल्या जात, आणि त्यांतील पुष्कळांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर दिसले तर नेहमीच्या दिशेने जोर लावून तो मोडू नये.

माझ्या चाकांच्या बैठकी आता पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासल्या आहेत आणि बाकी रंग तसाच आहे. नवे काम झाल्यावर पन्नास ते ऐंशी किलोमीटरनंतर, चाके थंड असताना, नट पुन्हा तपासायचे असतात. त्यासाठी घरापासून त्र्यंबकेश्वरला जाऊन येणे पुरते. गेल्या रविवारी परत आल्यावर तीन चाकांचा एकही नट हलला नाही, मागच्या डाव्या चाकाचा एक मात्र पाव फेरा गेला. पुढच्या रविवारी तो पुन्हा पाहणार आहे, आणि तेव्हाही हलला तर तो स्टड बदलायला मिस्त्रीकाकांकडे जाईन.