वर बेड मिळाला का तिला?

इथे इंग्लंडात हॉस्पिटलातली नाइट संपवून सकाळी नऊला बाहेर पडलो तेव्हा घरी, केजला, दुपारचा दीड वाजला होता. बाबांचा फोन ठरलेला. "रात्री किती पेशंट पाहिलेस रे?" म्हटलं, नऊ. पलीकडे शांतता. तिकडे इंटर्नशिपला असताना मी जे आकडे सांगायचो ते त्यांच्या चांगले लक्षात आहेत.

आता नऊच का, ते सांगतो. इंग्लंडात इमर्जन्सीत आलेला पेशंट चार तासांत घरी तरी जावा, नाहीतर वॉर्डात, असं उद्दिष्ट 2004 पासून आहे. 2010 पासून ते 95 टक्के पेशंटांपुरतं केलं, आणि जुलै 2015 नंतर देशाचा आकडा तिथवर एकदाही पोचलेला नाही. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे मिनिटं पळत असतात. नोट्स टाइप करताना मध्येच कोणीतरी ईसीजीचा कागद नाकासमोर धरतं, बघून सही करायची, आणि अर्धं वाक्य कुठे सोडलं होतं ते शोधायचं. पण खरं अडतं ते पुढचा पेशंट तपासायला जागाच नसते म्हणून.

काल एक आजी आल्या, न्यूमोनिया. पहिल्या तासात अँटिबायोटिक सुरू, एक्स-रे झाला, मेडिसिनवाल्यांनी ॲडमिटही केलं. पण वर बेड नाही. आजी कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर, बाहेर ॲम्ब्युलन्सवाले दुसरा पेशंट घेऊन ताटकळत. वॉर्डातले एक आजोबा केव्हाचे बरे झालेत, पण घरी अंघोळ घालायला, गोळ्या द्यायला माणूस नाही. केअरर ठरेपर्यंत डिस्चार्ज नाही.

आपल्याकडे कॅज्युअल्टी नातेवाइकांवर चालते, हे मला इथे येऊन कळलं. साप चावलेला ऊसतोड कामगार आला की काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचो. (नळी साबणाने धुतलेली नको, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही.) नळीवर पहारा त्याच्या भावाचा. "साहेब, झाले वीस मिनिटं." नळी आडवी करायची, रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं की घोणस नाहीतर फुरसं चावलंय असं समजायचं आणि अँटिव्हेनम लावायचं. स्ट्रेचर ढकलायला, सॅम्पल पोचवायला, रक्तपेढीत पळायला हीच माणसं. आणि "गर्दी करू नका, बाहेर व्हा" म्हणून आम्ही ओरडायचोही त्यांच्यावरच.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या म्हातारीजवळ रात्रभर कोण होतं?"

"कोणी नाही. दोनदा मी पाणी दिलं."

"अन् वर बेड मिळाला का तिला?"

मी निघेपर्यंत तरी नव्हता मिळाला.