कार्बन-नायट्रोजन बंध आणि लिगँडचे श्रेय

औषधांच्या रेणूंमध्ये बेंझिन किंवा पिरिडिनच्या वलयाला थेट जोडलेला नायट्रोजन वारंवार आढळतो. कागदावर हा बंध दाखवायला एक रेघ पुरते, पण प्रयोगशाळेत तो जुळवणे रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ जड गेले. ब्रोमोबेंझिन आणि अमाईन (अमोनियापासून बनलेले नायट्रोजनयुक्त संयुग) एकत्र उकळत ठेवले तरी सहसा काहीच घडत नाही, कारण वलयातील इलेक्ट्रॉनांची दाटी नायट्रोजनला त्या कार्बनपर्यंत पोहोचू देत नाही. नायट्रोसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा गट योग्य जागी असेल तरच वाट मोकळी होते.

फ्रिट्झ उलमान यांनी १९०३ मध्ये तांब्याच्या साहाय्याने हा बंध घडवून दाखवला आणि १९०६ मध्ये इर्मा गोल्डबर्ग यांनी ही पद्धत अमाइडांपर्यंत, म्हणजे नायट्रोजनशेजारी कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध असलेल्या संयुगांपर्यंत, नेली. मात्र त्या अभिक्रियांना बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागे आणि नाजूक रेणू तेवढ्या उष्णतेत टिकत नसत. १९८३ मध्ये मिगिता आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियम वापरून हे काम सौम्य परिस्थितीत केले, पण त्यासाठी नायट्रोजनला कथिल जोडलेली, विषारी आणि हाताळायला अवघड संयुगे लागत. स्टीफन बुकवाल्ड आणि जॉन हार्टविग यांनी १९९५ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, साधे अमाईन आणि तीव्र बेस (आम्लारी) वापरून कथिलाची गरजच संपवली.

या प्रगतीचे श्रेय बहुतेक लेखांत पॅलेडियमला दिले जाते. माझ्या मते ते लिगँडला, म्हणजे धातूला धरून राहणाऱ्या फॉस्फिन या फॉस्फरसयुक्त रेणूला, निदान तितकेच द्यायला हवे. पॅलेडियम प्रथम वलयाचा कार्बन आणि हॅलोजन (ब्रोमिन, क्लोरिन इ.) यांच्यातील बंधात शिरते, मग बेसच्या मदतीने अमाईन त्याच्याशी जोडले जाते आणि शेवटी कार्बन व नायट्रोजन एकमेकांना बांधून धातूपासून सुटतात. या शेवटच्या पायरीला विलंब झाला, तर धातू अमाईनमधील हायड्रोजन ओढून घेतो आणि हवा तो पदार्थ मिळण्याऐवजी हॅलोजनच्या जागी हायड्रोजन बसलेले वलय हाती लागते. सुरुवातीच्या ट्राय-ऑर्थो-टॉलिल फॉस्फिनला प्राथमिक अमाईनांच्या बाबतीत हीच अडचण होती. १९९६ मध्ये दोन हातांनी धातू पकडणारी बायनॅप आणि डीपीपीएफ ही लिगँडे पुढे आल्यावर ती बरीच दूर झाली. त्यानंतर, १९९८ पासून, बुकवाल्ड यांच्या गटाने आणलेल्या अवजड आणि इलेक्ट्रॉनसमृद्ध बायअरिल फॉस्फिनांमुळे (दोन जोडलेली वलये असलेल्या फॉस्फिनांमुळे) स्वस्त पण हट्टी अरिल क्लोराइडेही, म्हणजे वलयाला क्लोरिन जोडलेली संयुगेही, या अभिक्रियेत येऊ लागली. अवजडपणामुळे शेवटची पायरी वेगाने होते आणि इलेक्ट्रॉनसमृद्धीमुळे पहिली. एकाच रेणूत या दोन्ही गोष्टी साधणे, ही रचना मला आजही अतिशय देखणी वाटते.

प्रत्यक्ष कामात हे सारे डोळ्यांना दिसते. आर्गॉनखाली टोल्यूईन, सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड, पॅलेडियम आणि लिगँड एकत्र करून तापवले, की मिश्रणाचा रंग गडद होतो. लिगँड कमी पडले किंवा हवा आत शिरली, तर काचेवर धातूची काळी पूड बसते आणि मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसी पट्टीवर मूळ ब्रोमाइडचा ठिपका तसाच राहतो.

तांबेही या काळात मागे राहिले नाही. १९९८ मध्ये चॅन, लॅम आणि इव्हान्स यांनी अरिल बोरॉनिक आम्ल (वलयाला बोरॉनचा गट जोडलेले संयुग) आणि कॉपर ॲसिटेट वापरून सामान्य तापमानाला, उघड्या हवेत, नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही वलयाला जोडले. चीनमधील मा दावेई यांच्या गटाने अमिनो आम्ले आणि २०१५ मध्ये ऑक्झॅलिक डायअमाइडे ही लिगँडे वापरून तांब्याला अरिल क्लोराइडांपर्यंत पोहोचवले. औषधनिर्मितीत याला विशेष मोल आहे, कारण आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला जास्तीत जास्त १०० मायक्रोग्रॅम, तर तांबे ३००० मायक्रोग्रॅम पोटात जाणे मान्य आहे. त्यामुळे रेणू १२० अंशांचे तापमान सोसणारा असेल, तर मी आधी तांबे वापरून पाहीन. तो तितका कणखर नसेल, तर पॅलेडियमचा खर्च आणि नंतरचे शुद्धीकरण स्वीकारण्यात मला कमीपणा वाटत नाही.