तारणाची खात्री कशावरून?

रविवारची उपासना आटोपली की पुण्यातील आमच्या मंडळीत कोणी ना कोणी, बहुधा नुकताच दृढीकरणाचा विधी झालेला एखादा तरुण किंवा आजारपणाने खचलेल्या एखाद्या मावशी, मला विचारतात : बाप्तिस्मा झाला आहे, प्रार्थनाही चालू आहे, तरी आपले तारण झाले आहे, म्हणजे पापापासून आपली सुटका झाली आहे, हे खात्रीने कसे म्हणावे? तुम्ही विचारलेत म्हणून मला जे मनापासून पटले आहे ते लिहितो.

या प्रश्नाने कोणी लाजू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. असे असूनही आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लोटल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त सापडलेला नाही, हे त्यांना उमगले. म्हणजे ही जाणीव त्यांना झाली ती सदनाचे काम चालू असताना. एवढी विद्वत्ता, एवढा त्याग आणि एवढी सेवा पदरी असलेल्या बाईंनी त्यांपैकी कशावरही आपली खात्री उभी केली नाही, आणि पापी म्हणून रिकाम्या हातांनी ख्रिस्ताकडे गेल्यावरच त्यांना शांती लाभली, याचे मला फार मोल वाटते.

आपण मात्र खात्री शोधतो ती स्वतःच्या मनात : आज प्रार्थनेत डोळे भरून आले, म्हणून तारण आहे, उद्या मन कोरडे राहिले, की शंका. प्रभूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराजवळ दाखवायला सत्कर्म नव्हते, पुढे आयुष्यही उरले नव्हते. त्याच्याजवळ होता तो येशूचा शब्द, ‘आज’ : आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. तेवढ्यावर तो मेला.

रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये ठरविले की देवाकडून विशेष प्रकटीकरण झाल्यावाचून अशी निश्चिती कोणी सांगू नये. त्यामागील गर्वाची भीती मला खोटी वाटत नाही, कारण वडिलोपार्जित घरावरून सख्ख्या भावाशी अबोला धरून तारणाच्या गोष्टी सांगणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांना प्रेषित योहानाने आपल्या पहिल्या पत्रात आधीच उत्तर दिले आहे : भावाचा द्वेष करून देवावर प्रीती करतो म्हणणारा लबाड आहे. तरीही तोच योहान लिहितो की सार्वकालिक जीवन आपल्याला मिळाले आहे हे विश्वास ठेवणाऱ्यांना कळावे, यासाठीच हे पत्र आहे. वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे सतराव्या शतकातील प्रॉटेस्टंटांचे श्रद्धेचे निवेदन, हेही मान्य करतो की खऱ्या विश्वासणाऱ्याला या खात्रीसाठी पुष्कळ वाट पाहावी लागू शकते.

म्हणून शंकेने व्याकूळ झालेल्यांना मी योहानाचे पहिले पत्र एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने, वाचायला सांगतो. पाचच अध्याय आहेत. वाचताना स्वतःच्या विश्वासाचे बळ मोजत बसू नये. पुत्राविषयी तेथे काय म्हटले आहे तेवढेच पाहावे.